तबकडी आणि तिचा श्रोता

आपल्याकडे संगीताचा इतिहास म्हणून जें लिहिलें गेलें आहे, तें बहुतांशीं गवयांचें चरित्र आहे. कोण कोणाचा शिष्य, कोणत्या घराण्याची गायकी कोठून कोठें गेली, कोणत्या संस्थानिकानें कोणास आश्रय दिला, याचा ऊहापोह पुष्कळ झाला. परंतु ऐकणारा जो सामान्य रसिक, त्याच्या वांट्यास या इतिहासांत फारशीं पानें आलेलीं नाहींत. वास्तविक गेल्या सव्वाशें वर्षांत गवयापेक्षां या श्रोत्याचेंच आयुष्य अधिक पालटलें. आणि तें पालटविणारी वस्तु म्हणजे लाखेची ती दहा इंची काळी तबकडी होय.

तबकडी येण्यापूर्वीं उत्तम गाणें ऐकण्यास दोन गोष्टी लागत: जवळीक आणि ओळख. गाणें होई तें संस्थानिकाच्या दिवाणखान्यांत, सावकाराच्या वाड्यांत, किंवा एखाद्या देवस्थानाच्या उत्सवांत. पुण्यास १८७४ सालीं गायन समाज स्थापन झाला, पुढें विष्णु दिगंबर पलुसकरांनीं तिकिटाचे जलसे रुळविले, आणि शहरांतल्या मध्यम स्थितीच्या गृहस्थास गाण्याचें दार थोडें किलकिलें झालें. पण शहराबाहेर काय? अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीचेंच उदाहरण घ्या. पाणी अडविण्याच्या कामामुळें हें गांव आज देशभर माहीत आहे; त्यापूर्वीं तें अवर्षणानें गांजलेलें एक खेडें होतें. अशा गांवीं संगीत म्हणजे देवळांतलें भजन, सप्ताहांतलें कीर्तन आणि जत्रेंतला तमाशा. त्या संगीताचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर ऐकावा अशी इच्छा अशा गांवच्या एखाद्या शिक्षकास झाली असती, तर त्यास पुण्याची वाट धरावी लागली असती, आणि तेथें पोंचल्यावरही बैठकींत नेऊन बसविणारा कोणी परिचित शोधावा लागला असता. तबकडीनें हा उंबरठाच काढून टाकला.

तिचें आपल्या देशांतलें आगमन १९०२ सालचें. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग हा त्या वर्षीं कलकत्त्यास आला व नोव्हेंबरांत गौहरजानचें गाणें त्यानें मेणाच्या थाळीवर उतरून घेतलें. गाणें संपतांच आपलें नांव ती इंग्रजींत मोठ्यानें सांगे. कारण तबकड्या छापल्या जात त्या जर्मनींत हानोव्हर येथें, आणि तेथील कारागिरास गाणारीचें नांव कळावें कसें? १९०८ सालीं कलकत्त्यांतच सियालदा येथें कारखाना निघाला, तेव्हां हा सातासमुद्रांचा वळसा संपला.

या नव्या वस्तूनें गवयास मात्र मोठ्या पेचांत टाकलें. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस मिळत तीं सुमारें तीन-साडेतीन मिनिटें. ज्या रागाची बढत बैठकींत तासभर चाले, तो एवढ्याशा अवधींत बसवावयाचा! त्यांतून १९२५ च्या सुमारास विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण सुरू होईपर्यंत गवयास भोंग्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन गावें लागे. हलका स्वर उमटतच नसे. या अडचणींतूनही ज्यांनीं रागाचा अर्क तेवढा काढून दिला, त्यांचें कौतुक करावें तेवढें थोडेंच आहे.

श्रोत्यास मात्र या तीन मिनिटांबरोबर एक अपूर्व देणगी मिळाली, आणि ती पुनरावृत्तीची. बैठकींतली तान कानावर पडली न पडली तों निघून जाई. आतां यंत्रास चावी द्यावी, सुई बदलावी, आणि तीच जागा दहा वेळां ऐकावी. एका घराण्याचें गाणें ऐकल्यावर लगेच दुसऱ्याचें लावून पाहावें, दोहोंतला भेद आपल्याच कानांनीं ओळखावा, हें सुख पूर्वीं मोठमोठ्या आश्रयदात्यांसही सहज लाभत नसे. बैठकींत ज्यांना जाणें अवघड, त्या घरंदाज स्त्रियांनाही माजघरांत बसून बालगंधर्वांचीं पदें आणि हिराबाई बडोदेकरांचे ख्याल ऐकतां येऊं लागले. जाणकार श्रोत्यांचा एक नवा वर्ग अशा रीतीनें घरोघरीं तयार झाला.

या श्रवणाचें बळ किती, याचा दाखला भीमसेन जोशी यांच्या बालपणांत मिळतो. गदगच्या एका दुकानांत अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटींतील ठुमरी तबकडीवर ऐकून हा मुलगा असा वेडावला कीं, गुरूच्या शोधार्थ त्यानें घर सोडलें. बऱ्याच भटकंतीनंतर तो सवाई गंधर्वांपाशीं पोंचला. आणि ते अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य! पुढें याच भीमसेनांच्या पुढाकारानें गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यास १९५३ सालीं सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. आज तो दर डिसेंबरांत भरतो आणि गांवोगांवचे रसिक त्यासाठीं पुण्यास येतात. त्याच्या मुळाशीं तीन मिनिटांची एक तबकडी आहे, हें त्यांच्यापैकीं कितीजणांच्या ध्यानांत असेल?

आतां या इतिहासाची दुसरी बाजू. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाहीं. 'संगीत स्वयंवर' नाटकास १९१६ सालीं त्यांनीं दिलेल्या चाली शिष्यांच्या मुखानें आपण ऐकतों. त्यावरून गुरूची कल्पना करावी, इतकेंच आपल्या हातीं उरलें आहे. जयपूर घराण्याचे अध्वर्यु अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचाही स्वर मागें राहिला नाहीं. याच्या उलट त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ सालीं 'व्हॉयेजर' यानांवरील सुवर्ण-तबकडीसाठीं निवडली गेली. पण ती तबकडी तोंवर बाजारांत दुर्मिळ झाली होती. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत, खोक्यांत पडलेली अशी ती सांपडली. गुरूचा आवाज भूतलावर कोठेंही नाहीं आणि शिष्येचा आवाज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे चालला आहे, या दोहोंमधलें अंतर एका जपून ठेवलेल्या तबकडीएवढें आहे!

म्हणूनच संग्राहकाचें कार्य आम्हांस केवळ हौसेचें वाटत नाहीं. लाख ठिसूळ, हातून निसटली कीं तबकडी फुटलीच. १९७० च्या सुमारास या तबकड्यांचें उत्पादन आपल्याकडे थांबलें, आणि पुष्कळ घरांतून त्या रद्दीबरोबर बाहेर गेल्या. पुण्याच्या जुन्या बाजारांत आणि मुंबईच्या चोरबाजारांत फिरून, धूळ झटकून, त्या पुन्हां गोळा केल्या त्या कांहीं ध्यास घेतलेल्या रसिकांनीं. १९९० सालीं मुंबईंत अशा संग्राहकांची संस्थाही स्थापन झाली. तबकडीवरील क्रमांक टिपणें, गवयाचें नांव व राग निश्चित करणें, हीं कामें वरकरणीं रुक्ष वाटतात खरीं. परंतु संगीताच्या इतिहासाचा अस्सल कागद म्हणतात तो हाच.

असो. आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची एखादी पेटी अजून पडलेली असेल. ती मोडींत देण्यापूर्वीं एकवार उघडून पाहावी. तबकड्या आडव्या रचून न ठेवतां उभ्या ठेवाव्या, त्यांवरील नांवें व क्रमांक उतरून घ्यावे, आणि एखाद्या जाणकारास दाखवावे. प्रत्येक पेटींत रत्न निघेल असें नाहीं. पण जें निघेल तें दुसऱ्या कोणापाशीं असेलच, अशी खात्री आज कोणासही देतां येणार नाहीं.