कृष्णविवराचे वस्तुमान कसे मोजले?

१९४३ साली कार्ल सायफर्ट या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने सहा दीर्घिकांच्या वर्णपटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची केंद्रे अतिशय तेजस्वी होती आणि तेथील वायूच्या वर्णरेषा नेहमीपेक्षा रुंद होत्या. याचा अर्थ, तो वायू प्रचंड वेगाने फिरत होता. त्याला एवढा वेग कोण देत होते?

१९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ हा क्वेसार अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असल्याचे दाखवले आणि कोडे आणखी बिकट झाले. एवढी ऊर्जा ताऱ्यांतील अणुसंमीलनातून मिळणे कठीण होते. १९६४ मध्ये साल्पीटर व झेल्डोविच यांनी स्वतंत्रपणे कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या वायूची कल्पना मांडली. १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी ती दीर्घिकांच्या केंद्रांना लावली. हा वायू सरळ आत पडत नाही. त्याची फिरती तबकडी बनते. तबकडीतील घर्षणाने तो तापतो, प्रकाशतो आणि हळूहळू आत सरकतो.

कल्पना पटण्याजोगी होती, पण केंद्रात मृत ताऱ्यांचा दाट गुच्छ नसेल कशावरून? याचे उत्तर तबकडीनेच दिले. एनजीसी ४२५८ या दीर्घिकेच्या तबकडीतील पाण्याची वाफ रेडिओलहरी देते. १९९५ मध्ये माकोतो मियोशी व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील दहा रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने तिचे वेग मोजले. केंद्रापासूनचे अंतर चौपट झाले की वेग निम्मा, हा ग्रहांना लागू पडणारा केप्लरचा नियम तेथे तंतोतंत दिसला. म्हणजे सारे वस्तुमान तबकडीच्या आतच एकवटलेले होते.

हे गणित वर्गात करता येईल. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. तबकडीच्या आतल्या कडेचा वेग होता १,०८० किलोमीटर, म्हणजे ३६ पट. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे २७,००० पट. वस्तुमान वेगाच्या वर्गाच्या आणि अंतराच्या प्रमाणात असते. म्हणून ३६ × ३६ × २७,००० = सुमारे साडेतीन कोटी सूर्य! नंतरच्या मोजमापांनी हा आकडा ४ कोटींच्या जवळ नेला.

अर्ध्या प्रकाशवर्षाहून कमी त्रिज्येत एवढे मृत तारे कोंबले, तर तो गुच्छ दीर्घिकेच्या आयुष्याच्या मानाने फार लवकर विस्कटेल. त्यामुळे कृष्णविवर हेच समाधानकारक उत्तर उरले. एम ८७ या दुसऱ्या दीर्घिकेतील कृष्णविवराच्या सावलीचे चित्र जगाने २०१९ मध्ये पाहिले. मोजणी मात्र त्याआधीच झाली होती.