जातं गेलं, विळी राहिली

आमच्या स्वयंपाकघरात विजेचं बटण न दाबता चालणाऱ्या वस्तू आजही मोजल्या तर दहा-बारा सहज भरतात. विळी, रवी, पोळपाट-लाटणं, खलबत्ता, किसणी, पितळी सोऱ्या, पुरणयंत्र, चाळणी, सूप. मिक्सर येऊन चाळीस वर्षं झाली, तरी यांना कुणी जागेवरून हलवलं नाही. जातं आणि उखळ मात्र गेलं. जातं परसात तुळशीशेजारी पडून आहे आणि उखळात पावसाचं पाणी साचतं, ते चिमण्या पितात. एकाच घरातल्या, एकाच बाईच्या हाताखालच्या या वस्तू. मग काही राहिल्या आणि काही का गेल्या? वीज आली म्हणून, असं आपण सरसकट सांगून टाकतो. आमच्या माण भागापुरतं तरी ते खरं नाही. आईनं जात्याकडं पाठ फिरवली तेव्हा गावात विजेचा खांबसुद्धा उभा नव्हता.

या सगळ्यांत वयानं थोरला पाटा. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तिथं खोदकाम केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. घरं, चुली, धान्य साठवायचे खड्डे. त्या काळच्या वस्त्यांत धान्य दळायचं ते खाली खोलगट दगड ठेवून, वर दुसरा दगड दोन्ही हातांनी पुढं-मागं रेटून. म्हणजे आपला पाटा-वरवंटाच. फरक एवढाच की आपण त्यावर वाटण वाटतो आणि त्या बायका रोजचं पीठ काढत होत्या. गुडघ्यावर बसायचं, कमरेतून वाकायचं आणि सगळं अंग त्या दगडावर टाकायचं.

गोल फिरणारं जातं त्यानंतरचं. प्रवरेकाठच्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं. तिथं सातवाहनांच्या काळातली जाती मिळाली. ही युक्ती मोठी होती. वरच्या दगडाचं वजन धान्य भरडतं, हातानं फक्त फिरवायचं. तोंडातून मूठ मूठ वैरण घालत राहायची आणि पीठ आपोआप कडेनं गळतं. पाट्यावर जे काम जोर लावून करावं लागायचं, ते आता दगड स्वतःच्या भारानं करू लागला. दोन हजार वर्षं त्यात फारसा बदल झाला नाही. नेवाशाचं जातं आणि आमच्या तुळशीशेजारचं जातं शेजारी ठेवलं, तर एक दुसऱ्याची पणजी शोभेल.

त्याच नेवाशात पुढं १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती ओवीत. पण ओवी त्याच्या कितीतरी आधी बायकांच्या तोंडी होती. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. कांडताना, म्हणजे उखळ-मुसळावर. राजाच्या ग्रंथात आमच्या मुलखातल्या बाईची नोंद झाली ती तिच्या हातातल्या मुसळामुळं.

जात्यावर ओवीला तर तोटाच नव्हता. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरींची गाणी अशीच घरच्या आणि शेतातल्या कामात जुळत गेली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक निघालं. गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी १९८० च्या दशकापासून मुळशी-मावळच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाच्या वर भरल्या. विठ्ठल, माहेरचा भाऊ, लेक, सासुरवास, दारुडा नवरा, दुष्काळ, बाबासाहेब आंबेडकर, सगळे त्यात आहेत. जे चारचौघांत बोलता यायचं नाही ते बाई जात्याला सांगायची. घरघरीत आवाज बाहेर जायचा नाही आणि गेला तरी ते गाणंच होतं, त्याला कोण बोल लावणार?

इथवर वाचलं की कुणालाही जात्याचं प्रेम येईल. म्हणून आता हिशेब मांडतो. आमच्या घरात तेव्हा जेवणारी माणसं अकरा. दोन्ही वेळा ज्वारीच्या नाहीतर बाजरीच्या भाकरी. रोज पायलीभर धान्य लागायचं. कोंबडं आरवायच्या आधी उठून बसलं, तर दिवस उगवायच्या सुमाराला दळण व्हायचं. मग शेण, झाडलोट, पाणी, भाकरी आणि न्याहारी घेऊन रान. गव्हाचं दळण जड, हरभऱ्याची डाळ भरडायला त्याहून वेगळी ताकद. जात्याला टाकी लावून बरेच दिवस झाले की दगड गुळगुळीत होतो, पीठ पडत नाही, नुसता हात भरून येतो. मग ‘जात्याला टाकी लावायची का’ असं ओरडत येणाऱ्या वडाराची वाट बघायची. टाकी लावल्यावर पहिलं दळण गुराला घालायचं, कारण त्यात कच असते. रोज जात्यावर बसणाऱ्या बाईच्या तळहाताला खुंट्याचे घट्टे असायचे. माझ्या आईच्या उजव्या खांद्यात म्हातारपणी कायमचा चमका राहिला.

‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ ही म्हण ज्या मुलखात निघाली, तिथं दळणाऱ्याची किंमत काय होती ते निराळं सांगायला नको.

शेजारच्या बाजारगावी इंजिनावरची गिरणी आली ती माझ्या लहानपणी. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनाचा कारखाना काढला. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत असली इंजिनं विहिरीवर आणि गिरणीत गावोगाव बसली. गिरणी सुरू झाली की धुराच्या नळीची ‘पुक पुक’ तीन मैलांवर ऐकू यायची. आई त्या आवाजाला कान देऊन असायची. डोक्यावर दळणाची पाटी, काखेत धाकटा भाऊ आणि पदराच्या गाठीत अंडी विकून आलेले पैसे. तीन मैल जायचं, रांगेत बसायचं, तीन मैल यायचं. एवढं करूनही तिला ते जात्यापेक्षा हलकं वाटायचं.

घरात त्यावरून तंटा झाला. आजीचं म्हणणं, “गिरणीचं पीठ मेल्यालं असतंय. जात्याचं पीठ जितं.” आजोबांना भाकरी बेचव लागायला लागली. त्यात तथ्य होतं, ते नाकारता यायचं नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ ताजं असलं की त्याला विरी असते, भाकरी हातावर फिरते. आठवड्याचं दळण एकदम आणलं की चार दिवसांनी विरी जाते, भाकरीच्या कडा चिरतात. मग आधणाचं पाणी ओतून पीठ मळावं लागतं. जात्यावर रोजचं रोज दळलं जायचं, म्हणून ही अडचण कधी आलीच नव्हती. पण आजीच्या रागात आणखी एक गोष्ट होती, ती तिनं उघड कधी बोलली नाही. गिरणीत मागच्या दळणाचं थोडं पीठ पुढच्याच्या डब्यात पडतंच. मागचं दळण कुणाच्या घरचं, हे बघून काही बाया रांगेत मागं सरायच्या. जात्यावर ज्याचं त्याचं पीठ वेगळं राहत होतं. गिरणीच्या पट्ट्यानं गावचं पीठ एकत्र केलं.

आईनं आजीला एवढंच सांगितलं, “तुमच्या वक्ताला जात्यावर दोघी-तिघी हुत्या, आत्याबाई. आता मी येकली हाय.” हे मला फार पुढं कळलं. जातं ही मुळात दोघींची वस्तू. समोरासमोर बसायचं, एका खुंट्याला दोघींचे हात, एकीनं ओवी सुरू करायची आणि दुसरीनं पुरी करायची. आमच्याकडं वाटण्या झाल्या, चुलत्या वेगळ्या झाल्या. खाणारी तोंडं अकराची सात झाली, पण खुंट्यावरचे हात सहाचे दोन झाले. एकत्र कुटुंब मोडलं आणि जात्याचं गणित तिथंच चुकलं. इंजिन फक्त वेळेवर आलं.

तरी जातं एकदा परत फिरलं. १९७२ चा दुष्काळ. हातात रोकड नाही, गिरणीला द्यायला पैसे नाहीत. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेला. आईनं जातं पुसलं, दगडाला दगड लावला आणि पुन्हा पहाटे घरघर सुरू झाली. दिवस उगवला की ती रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायची. पहाटे दगड फिरवायचा आणि दिवसा दगड फोडायचा. त्या दुष्काळातल्या कामांतूनच पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. पुस्तकात त्याची नोंद आहे. बायकांनी त्या साली जाती पुन्हा मांडली, याची नोंद कुठं नसते. बिनविजेच्या वस्तूचा हा गुण मान्य करायलाच पाहिजे: ती पैसे मागत नाही. फक्त जे मागते ते एकाच माणसाकडून मागते.

दुष्काळ सरला, गावात वीज आली, पाठोपाठ गावातच चक्की झाली आणि जातं कायमचं उठलं. मिक्सर त्यानंतर. परदेशी मिक्सरला आपलं वाटण झेपायचं नाही. हळकुंड, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ यांनी मोटार जळायची. १९६० च्या दशकात आपल्या वाटणाला टिकेल असा ‘सुमीत’ मिक्सर मुंबईच्या बाजारात आला आणि शहरातले पाटे भिंतीला लागले. आमच्याकडं तो पोचायला आणखी वीस वर्षं लागली.

गंमत अशी की मिक्सर आला तरी पाटा जात्याच्या वाटेनं गेला नाही. २००५ च्या पुढं भारनियमनाची वर्षं आली. दिवसाचे आठ-दहा तास वीज गायब. तेव्हा माझ्या बायकोनं मिक्सरवर फडकं टाकलं आणि पाटा धुऊन ओट्याखाली घेतला. वीज नियमित झाल्यावरही तो तिथंच राहिला. मिक्सरचं पातं कापतं आणि फिरून फिरून तापतं. वरवंटा चिरडतो. हिरवी मिरची, लसूण आणि मीठ चिरडलं की त्यातलं पाणी आणि तेल एकमेकांत मुरतं. ठेचा तो असा. पण तो पाच मिनिटांचा असतो, पायलीचा नसतो. फरक तिथं आहे.

विळीचंही तेच. पाट एका पायाखाली दाबला की पातं जागेवर राहतं आणि दोन्ही हात मोकळे. मेथी निवडता निवडता चिरता येते, फणसाला हात घालता येतो, टोकाच्या खवणीवर नारळ खवता येतो. ओट्यासमोर उभं राहायची सवय झाली तशी सुरी आली, तरी कैऱ्या फोडायला मोठी विळीच काढावी लागते. रवीनं ताक घुसळलं की लोणी वर आलेलं हाताला कळतं, तिथं थांबायचं. सोऱ्या दिवाळीला निघतो, पुरणयंत्र होळीला. पुरणयंत्र तर नव्यातलंच म्हणायचं. त्याआधी शिजलेली डाळ पाट्यावर वाटावी लागायची. दांडा फिरवला की पुरण जाळीतून खाली येतं, विजेशिवाय, आणि घरातला दहा वर्षांचा पोरगाही ते फिरवतो. या वस्तू राहिल्या, कारण त्या घटकाभराचं काम मागतात. जातं रोजची पहाट मागत होतं.

आता हमरस्त्यावरच्या हॉटेलांवर ‘पाट्यावरचं वाटण, चुलीवरचं मटण’ अशा पाट्या लागतात. मीही जाऊन खातो, चव असतेच. पण पाटी वाचली की वाटतं, मागं आत जाऊन बघावं: त्या पाट्यावर दिवसभर कोण बसलंय आणि तिला काय मिळतं. लग्नात अजून मुहूर्ताच्या दळणाला जातं लागतं. खुंट्याला सुपारी आणि आंब्याची पानं बांधतात, सवाष्णी हळकुंडं घालून चार फेरे देतात, फोटो निघतो. पुढची हळद पुडीतली. मला त्यात काही वावगं वाटत नाही. चार फेऱ्यांपुरतं जातं सगळ्यांनाच आवडतं.

आईच्या ओव्या लिहून घ्यायच्या म्हणून मी तिच्यापाशी वही घेऊन बसायचो. एखादी यायची, दुसरीला अडायची. म्हणायची, “हातात खुंटा न्हाई तर तोंडात कशी यील?” शेवटी तिनं परातीच्या कडेला हात धरून गोल फिरवला आणि सलग सात-आठ ओव्या म्हटल्या. त्यातल्या दोन मला कधीच ऐकवलेल्या नव्हत्या, माझ्या जन्माआधीच्या होत्या. तेवढ्याच वहीत आहेत. उरलेल्या गेल्या, त्याचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटायचं. जातं गेल्याचं मात्र एकदाही वाटलं नाही.