गाय गाभ टाकते, तेव्हा गोठ्यात कोण असतं?

सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभ टाकते तेव्हा आपल्याकडे आधी दृष्ट आठवते, मग गेलेलं वासरू आणि बुडालेलं दूध. तिथं हात घालून साफसफाई करणाऱ्या बाईचा विचार शेवटी, तोही झाला तर. गाभ टाकण्याची कारणं अनेक असतात. त्यातलं एक माणसालाही गाठतं. ते म्हणजे ब्रुसेलोसिस, गुरांचे डॉक्टर ज्याला 'सांसर्गिक गर्भपात' म्हणतात. याचा इतिहास वाचताना मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. माहिती सापडते, पण जिला हवी तिच्यापर्यंत पोचत नाही.

सुरुवात माल्टा बेटावर. तिथले ब्रिटिश सैनिक चढत्या-उतरत्या तापानं महिनोन्महिने झुरत होते. १८८७ मध्ये लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू शोधला. तो येतो कुठून, हे कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरला तो शेळ्यांच्या रक्तात सापडला, आणि शेळ्या दिसायला अगदी धडधाकट! १९०६ मध्ये सैन्यात शेळीचं दूध बंद झालं आणि ताप झपाट्यानं ओसरला. पण दारोदार शेळ्या फिरवून दूध काढून देणं गावात चालूच राहिलं. सैनिक वाचले, माल्टाची सामान्य माणसं पुढची कित्येक वर्षं आजारी पडत राहिली.

तिकडे डेन्मार्कमध्ये १८९७ मध्ये बर्नहार्ड बँग यांनी गायींना गाभ टाकायला लावणारा जंतू शोधला होता. माल्टाचा ताप आणि गायींचा गर्भपात हे दोन वेगळे रोग, असंच सगळे समजत होते. दोन्ही जंतू एकमेकांचे जवळचे भाऊबंद आहेत, हे १९१८ मध्ये अमेरिकेतल्या ॲलिस इव्हान्स यांनी दाखवून दिलं आणि कच्च्या दुधाचा धोका सांगितला. पण ऐकतो कोण? एक तर बाई, त्यात पीएच.डी. नाही. पुढं प्रयोगशाळेत त्यांनाच या रोगाची लागण झाली आणि त्या वर्षानुवर्षं भोगत राहिल्या. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या जंतुशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, हा त्यातल्या त्यात न्याय.

आता बायकांचं. १९६० च्या दशकात कळलं की गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचा पदार्थ असतो आणि हा जंतू त्यावर जोमानं वाढतो. बाईच्या वारेत तो नसतो, म्हणून बायकांना गर्भपाताचा फारसा धोका नाही, असं बरेच डॉक्टर मानत राहिले. मग २००१ मध्ये सौदी अरेबियातल्या एका रुग्णालयाचा अभ्यास आला. ब्रुसेलोसिस झालेल्या ९२ गरोदर बायकांपैकी ४३ टक्के बायकांचा गर्भ पहिल्या सहा महिन्यांत पडला होता. ज्यांना वेळेवर औषध मिळालं त्यांच्यात हे प्रमाण कमी होतं. म्हणजे हे टाळता येतं!

आपल्याकडे केंद्र सरकारचा लसीकरण कार्यक्रम २०१९ पासून आहे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ही लस मोफत मिळते, आयुष्यात एकदाच. वासराच्या वयाची चौकशी होते ते बरंच आहे. पण गोठा झाडणारी सून गरोदर आहे का, हे कोण विचारतं?

म्हणून सांगतो. गाभ टाकलेल्या जनावराजवळ गरोदर बाईला जाऊ देऊ नका. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नका, कुत्र्यांपुढं टाकू नका. हातमोजे घालून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा आणि गुरांच्या डॉक्टरला कळवा. धारोष्ण दुधाचं कौतुक पुरे, दूध उकळूनच प्या. आणि घरात कुणाला रेंगाळणारा ताप, रात्री घाम, कंबरदुखी असेल तर डॉक्टरला 'आमच्याकडे जनावरं आहेत' हे आपणहून सांगा. बाई गरोदर असेल तर तेही आधी सांगा, कारण औषध त्यावर ठरतं.

माल्टाच्या लोकांना आणि इव्हान्सबाईंना फार वाट बघावी लागली. आपल्या गोठ्यातल्या बाईला तरी ती बघायला लावू नका. गावच्या ग्रुपवर टाका, दूध डेअरीवर वाचून दाखवा.