खाशाबा जाधव : कॉलेजच्या आखाड्यातून ऑलिम्पिकपर्यंत

वैयक्तिक क्रीडाप्रकारात स्वतंत्र भारताला पहिले ऑलिम्पिक पदक २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी येथे मिळाले. ते मिळवणारे खाशाबा दादासाहेब जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजने घडवलेले मल्ल.

कराडजवळील गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. कुस्तीचे पहिले धडे त्यांनी वडिलांकडूनच घेतले. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापुरास आले. अंगकाठी लहान असल्याने कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. प्राचार्यांनी परवानगी दिल्यावर त्यांनी भल्याभल्यांना अस्मान दाखवले, असे सांगितले जाते. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत वाढलेल्या खाशाबांना मॅटचा सराव नव्हता, तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक पटकावला.

हेलसिंकीच्या वेळी पुन्हा पैशांचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांवर मात केल्यानंतर खाशाबांना जपानच्या शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून पराभव पत्करावा लागला. नियमानुसार दोन लढतींमध्ये विश्रांती मिळणे आवश्यक होते. पण त्यासाठी आग्रह धरणारा एकही भारतीय अधिकारी तेथे उपस्थित नव्हता, असे म्हटले जाते. इशी यांना सुवर्ण, मामेदबेकोव्ह यांना रौप्य, तर खाशाबांना ब्राँझपदक मिळाले.

त्याच स्पर्धेतील हॉकी संघाच्या सुवर्णपदकापुढे हे यश झाकोळले. गावकऱ्यांनी मात्र शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांचे स्वागत केले. पुढे कुस्त्यांचे फड भरवून खाशाबांनी प्राचार्यांचे कर्ज फेडले.

१९५५मध्ये ते पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या वाट्यास आला तो २०००मध्ये, मरणोत्तर. भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडले, तर कुस्तीतील पुढच्या पदकासाठी २००८पर्यंत वाट पाहावी लागली.

आज दिल्लीतील कुस्ती स्टेडियमला खाशाबांचे, तर शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला खर्डेकरांचे नाव आहे. शिष्याच्या पदकामागे गुरूचे गहाण पडलेले घर होते, ही आठवण या दोन नावांनी जागी ठेवली आहे.