चौक लिहिणाऱ्या मुली

आम्हां उदगीरकरांस इतिहास म्हटला कीं १७६० ची लढाई आठवते. परंतु तांदळाच्या पिठानें गेरूच्या भिंतीवर लिहिलेलाहि एक इतिहास आहे. वारली लग्नांत पालघट देवीचा चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा; त्यावांचून लग्न लागत नसे. १९७० नंतर ही कला कागदावर उतरली. जिव्या सोमा म्हसे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांची थोरवी निर्विवाद. परंतु बाजारांत ही कला बहुतांशीं पुरुषांच्या हातीं गेली. आतां डहाणूकडील तरुणी तीच बांबूची काडी पुन्हां उचलीत आहेत. त्या कोणाची कृपा मागत नाहींत. आज्यांचेंच घेत आहेत. वृद्धांनीं नुसती शाबासकी देऊं नये. ठाऊक आहे तें वेळेवर सांगून ठेवावें.