बरोसाच्या जुन्या वेली

अ‍ॅडलेड शहराच्या ईशान्येला साधारण 60 किलोमीटरवर दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातले बरोसा खोरे आहे. कर्नल विल्यम लाइट या सर्वेक्षकाने 1837 मध्ये इथल्या डोंगररांगेला, आणि पर्यायाने खोऱ्याला, स्पेनमधल्या एका रणभूमीचे नाव दिले. लिहिताना त्यातला एक ‘आर’ गळला आणि चुकीचेच नाव नकाशावर कायम झाले. 1842 पासून इथल्या बेथनी गावात वस्तीला आले ते जर्मन भाषक: प्रशियाच्या राजाने ठरवलेली उपासनापद्धती न मानणारे सिलेशियाचे ल्यूथरपंथी शेतकरी. योहान ग्राम्प यांनी 1847 मध्ये जेकब्ज क्रीक या ओढ्याकाठी द्राक्षे लावली.

बरोसाची खरी पुंजी म्हणजे जुन्या वेली. द्राक्षाची मुळे पोखरणारी फिलोक्सेरा ही कीड युरोपात पसरली, 1877 मध्ये शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातही पोचली; दक्षिण ऑस्ट्रेलियात मात्र ती आजवर शिरलेली नाही. त्यामुळे इथल्या जुन्या वेली खुंटावरच्या कलमाच्या नाहीत, स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. खोड काळे, पिळवटलेले, माणसाच्या मांडीएवढे जाड. फळ थोडे, पण रस दाट.

या रसाची प्रामुख्याने कोरडी वाइन होऊ लागली ती उशिरा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागणी होती ती ब्रँडीजन्य मद्यार्क घालून केलेल्या गोड, कडक ‘पोर्ट’ला. सेपेल्ट घराण्याने 1878 मध्ये अशा वाइनचे एक पिंप शंभर वर्षांसाठी राखून ठेवले. पुढे दरवर्षी तोच शिरस्ता पडला.

नंतर चव पालटली आणि 1980 च्या दशकात शिराझ जातीची काळी द्राक्षे कवडीमोल झाली. बागा तोडणाऱ्यांना सरकारने पैसे दिले, आणि त्यात शंभरी गाठलेल्या वेलीही गेल्या. सरकारचा हा हिशेब फारच आखूड नजरेचा होता. त्याआधीच, 1979 मध्ये, वाइन बनवणारे पीटर लेमन यांनी बागायतदारांची पडून राहणारी द्राक्षे घेण्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली होती. तिला नाव दिले ते नाटकातल्या एका जुगाऱ्याचे.

आज बरोसा म्हटले की शिराझ: जांभळासारखी गडद, भरदार, मद्यार्काचे प्रमाण चढे. ग्रेनाश आणि मातारो या दुसऱ्या काळ्या द्राक्षजाती तिच्यात मिसळतात. शेजारच्या उंच, थंड ईडन खोऱ्यातली रीसलिंग ही पांढरी वाइन अगदी निराळी: कोरडी, लिंबासारखी चुरचुरीत.

2009 च्या स्थानिक सनदेत वेलींच्या वयानुसार चार वर्ग आहेत: 35, 70, 100 आणि 125 वर्षांपुढच्या. टानुंडा गावाजवळ लांगमाइल येथे 1843 मध्ये लावलेली मानली जाणारी शिराझ अजून फळते आहे.