निरोगी डोळ्याचा इतिहास

यवतमाळ म्हटले की लोकांना कापूस आठवतो. परंतु विहिरीला पाणी लागले की इथला शेतकरी संत्र्याचाही विचार करतो. कापूस बुडाला तर एक हंगाम जातो. संत्र्याचे कलम रोगट निघाले तर ते कळावयास कित्येक वर्षे लागतात. म्हणून निरोगी रोपाचा प्रश्न आम्ही संघटनेची माणसे पोटाचा प्रश्न मानतो.

संत्रे विदर्भात रघुजीराजे भोसल्यांच्या काळी, अठराव्या शतकात, औरंगाबादेकडून आले असे सांगतात. पुढे जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरण्याची रीत रुळली. रीत चांगली, पण मूळ झाडाच्या अंगात ट्रिस्टेझाचा विषाणू असला, तर डोळ्याबरोबर तोही नव्या कलमात उतरतो.

मग बीच का लावू नये? बीमधून हे विषाणू सहसा उतरत नाहीत. शिवाय संत्र्याच्या एका बीत अनेक गर्भ असतात, आणि त्यांपैकी बहुतेक परागाशिवाय, केवळ आईच्या पेशींतून उपजतात. स्ट्रासबुर्गर या शास्त्रज्ञाने हे १८७८ साली दाखविले. म्हणजे रोप निरोगी आणि आईसारखेच. परंतु ते काटेरी होते व फळाला फार उशीर लावते. नवा वाण घडवू पाहणाऱ्याची अडचण तर याहून मोठी. दोन झाडांच्या संकरातून झालेला गर्भ या गर्दीत बहुधा उपाशी मरतो.

इथे ऊतिसंवर्धन उपयोगी पडले. तो गर्भ वेळीच काढून बाटलीत, साखर व क्षार घातलेल्या खाद्यावर, वाढविता येतो. लिंबूवर्गातील बीच्या आतील ऊतीवर बाटलीत प्रयोग करणाऱ्यांत दिल्ली विद्यापीठाचे पंचानन माहेश्वरी व रंगस्वामी अग्रेसर होते. त्यांचे काम १९५८ साली प्रसिद्ध झाले. १९७२ साली कॅलिफोर्नियात मुराशिगे व सहकाऱ्यांनी शेंड्याचे सूक्ष्म कलम साधले, आणि १९७५ साली नवारो, रॉइस्टाकर व मुराशिगे यांनी ती रीत सुधारली. शेंड्याच्या टोकाशी विषाणू बहुधा पोचलेला नसतो. तो मिलिमीटरच्या दशांशाएवढा कण सूक्ष्मदर्शकाखाली कापून काचनळीतील कोवळ्या रोपावर बसवितात. जुन्या झाडाचाच अंश असल्याने फळाला फार थांबावे लागत नाही.

नागपुरास १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. आज ती केंद्रीय संस्था आहे. तिथे या रीतीने निरोगी मातृवृक्ष तयार करण्याचे काम झाले.

तथापि निरोगी रोप म्हणजे अमर रोप नव्हे. बागेत मावा येतो, ट्रिस्टेझा पुन्हा आणतो. ओलाव्यातील बुरशी मुळे कुजविते. एक्सोकॉर्टिससारखा रोग तर न धुतलेल्या चाकूवाटेही पसरतो. तो चाकू रोपवाटिकेतील मजुराच्या हाती असतो. शास्त्रज्ञाने काचनळीत राखलेली शुद्धता शेवटी त्याच हातांत येते. त्या हातांना शिक्षण मिळाले पाहिजे, चाकू धुण्यास लागणारा वेळ मजुरीत धरला पाहिजे, आणि गरीब शेतकऱ्याला मातृवृक्षाचा दाखला मागण्याचा हक्क पाहिजे. तरच या दीड शतकाच्या विद्येचे फळ यवतमाळच्या बागेत लागेल.